लिनक्सवर गेम घेताय? पैसे भरण्याआधी एवढं करा

लिनक्सवर मी पैसे मोजून घेतलेला पहिला मोठा गेम आजतागायत खेळलेलो नाही. सेल लागला होता, किंमत निम्म्याच्या खाली आली होती, अभिप्राय उत्तम होते. घेतला. रात्रभर डाउनलोड केला. सकाळी सुरू केला तर गेमच्या आधी त्याच्या प्रकाशकाचा लाँचर उघडला. त्याने वेगळं अकाउंट काढायला लावलं, मग तो स्वतःलाच अपडेट करत बसला. मी तोवर दुसऱ्या कामाला लागलो. शेवटी एकदाचा मुख्य मेनू आला, सामना सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटात बाहेर फेकला गेलो. अँटी-चीटला (फसवेगिरी पकडणाऱ्या प्रोग्रॅमला) लिनक्स चालत नव्हतं. पैसे परत मागायला गेलो तर लायब्ररीत लिहिलेलं: खेळलेला वेळ २.७ तास. त्यातला खेळ अर्धा मिनिट, बाकी सगळा लाँचरचा पाहुणचार. अर्ज फेटाळला गेला.

यात चूक माझीच होती. मी आधी दुकान निवडलं, मग गेम घेतला आणि तो चालतो का हे सगळ्यात शेवटी बघितलं. हा क्रम उलटा हवा. नव्याने लिनक्सवर आलेल्यांनी निदान या एका खड्ड्यात पडू नये म्हणून हा लेख.

हाताशी काय हवं

- नुकतंच अपडेट केलेलं डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखी लिनक्सची तयार आवृत्ती)
- आपल्या ग्राफिक्स कार्डचं नेमकं नाव आणि ड्रायव्हरचा आवृत्ती क्रमांक (दोन्ही कुठेतरी लिहून ठेवा, पुढे सारखे लागतात)
- लिनक्सच्या स्वतःच्या फाइल सिस्टमवर, म्हणजे एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएसवर, मोकळी जागा
- दुकानाच्या खात्यासाठी ईमेल आणि दुहेरी पडताळणीसाठी फोन
- प्रोटॉनडीबी हे संकेतस्थळ (कोणता गेम लिनक्सवर कसा चालतो ते इथे कळतं) ब्राउझरमध्ये बुकमार्क करून

## १. आधी ड्रायव्हर

एएमडी किंवा इंटेलचं कार्ड असेल तर मेसा नावाचा ड्रायव्हर डिस्ट्रोसोबतच येतो. सिस्टम अपडेट ठेवली की झालं. एनव्हिडिया असेल तर कंपनीचा मालकीचा ड्रायव्हर घ्या, पण तो डिस्ट्रोच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून किंवा पॅकेज भांडारातून. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवून हाताने बसवायचा मोह विंडोजची सवय असलेल्यांना हमखास होतो. कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) पुढच्या अपडेटनंतर काळी स्क्रीन बघायची नसेल तर तो टाळा.

विंडोजचे गेम लिनक्सवर चालतात ते बहुतांशी व्हल्कनच्या (ग्राफिक्स कार्डाशी बोलायच्या एका भाषेच्या) जोरावर. गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो. डीएक्सव्हीके हा थर डायरेक्टएक्स ८ ते ११ चं व्हल्कनमध्ये भाषांतर करतो आणि १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन आहे. तेव्हा कार्डाला व्हल्कन येतं का हे आधी तपासा. टर्मिनलमध्ये व्हल्कनइन्फो (vulkaninfo) चालवा आणि उत्तरात आपल्या कार्डाचं नाव शोधा. तिथे फक्त 'एलएलव्हीएमपाइप' (llvmpipe) दिसलं तर कार्ड झोपलेलं आहे आणि चित्रं प्रोसेसर काढतोय. अशा मशीनवर कुठल्याही दुकानातून काहीही घेऊ नका.

कार्ड जुनं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. २०२२ च्या नोव्हेंबरात आलेल्या डीएक्सव्हीके २.० पासून व्हल्कन १.३ लागतं. ते नसेल तर प्रोटॉनच्या (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाच्या) जुन्या आवृत्त्यांवर भागवावं लागतं.

दुसरा सापळा ३२ बिटांचा. तुमची सिस्टम ६४ बिट असली तरी जुने गेम ३२ बिट असतात आणि त्यांना ड्रायव्हरच्या ३२ बिट लायब्ररी वेगळ्या लागतात. आर्चवर त्यासाठी मल्टिलिब भांडार चालू करावं लागतं, डेबियनवर आय३८६ आर्किटेक्चर जोडावं लागतं. नवे गेम धडधडीत चालतात आणि पंधरा वर्षांपूर्वीचा साधा गेम मात्र उघडतच नाही, असं झालं तर आधी इथे संशय घ्या.

## २. गेम चालतो का?

स्टीम या गेमच्या दुकानात गेमच्या पेजवर लिनक्सचं चिन्ह असलं तर गेमची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती आहे. चिन्ह नसलं म्हणजे चालणार नाही, असं मात्र नाही. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, तेव्हापासून हा हिशेब बदलला. प्रोटॉनच्या मुळाशी विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं, १९९३ पासून चालत आलेलं वाइन आहे आणि त्याला गेमिंगसाठी लागणारे बाकीचे भाग जोडलेले आहेत.

आता प्रोटॉनडीबीवर जा आणि गेमचं नाव टाका. खेळणाऱ्यांनी पाठवलेल्या अहवालांवरून गेमला दर्जा दिलेला दिसेल. प्लॅटिनम म्हणजे काहीही न करता चालतो. गोल्ड म्हणजे थोड्या खटपटीनंतर नीट चालतो. सिल्व्हरमध्ये किरकोळ अडचणी, ब्राँझमध्ये मधेच बंद पडणं वगैरे, आणि बोर्क्ड म्हणजे विषय संपला.

पण नवखे लोक इथेच चुकतात: रंगीत पट्टी बघतात आणि निघून येतात. पट्टी ही सरासरी आहे. तुम्हाला हवेत ते अहवाल. मी ते असे वाचतो:

पहिलं म्हणजे तारीख. दोन वर्षांपूर्वीच्या 'चालत नाही'ला फारशी किंमत नाही, प्रोटॉन तेवढ्यात बरंच पुढे जातं. ताज्या 'चालत नाही'ला मात्र जुन्या शंभर प्लॅटिनमपेक्षा जास्त किंमत आहे, कारण एखादं अपडेट येऊन चालता गेम मोडलेला असू शकतो.

दुसरं, कार्ड. माझ्याकडे एनव्हिडिया असेल तर एएमडीवाल्यांचा आनंद माझ्या कामाचा नाही. आपल्या कार्डासारखे तीन-चार अहवाल शोधायचे.

तिसरं, ते 'चालतो' म्हणतात तेव्हा कोणता भाग चालतो? एकट्याने खेळायची मोहीम उत्तम आणि ऑनलाइन ठप्प, असे गेम भरपूर आहेत. अहवाल पाठवणाऱ्याने फक्त मोहीम खेळून प्लॅटिनम दिलेलं असतं.

स्टीम डेकची (व्हॉल्व्हच्या हातात धरून खेळायच्या संगणकाची) 'व्हेरिफाइड' खूण उपयोगी आहे, पण ती डेकसाठी आहे. त्यात अक्षरं छोट्या स्क्रीनवर वाचता येतात का, कंट्रोलरने सगळं होतं का, हेही मोजलेलं असतं. त्यामुळे डेकवर 'अनसपोर्टेड' असलेला गेम डेस्कटॉपवर माऊस-कीबोर्डने झकास चालू शकतो. हिरवी खूण असली तर निर्धास्त व्हा. नसली तर प्रोटॉनडीबीवर जा, एवढंच.

लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती म्हणजे उत्तम, असंही समजू नका. हे वाचून जुने लिनक्सवाले माझ्यावर चिडतील. लोकी सॉफ्टवेअर ही १९९८ मध्ये सुरू झालेली कंपनी लिनक्ससाठी गेम आणायची आणि २००२ च्या सुरुवातीला बंद पडली, त्या काळापासून 'नेटिव्ह' हा शब्द आमच्याकडे देव्हाऱ्यात आहे. पण एकदा काढून सोडून दिलेली, विंडोजच्या मागे तीन अपडेट राहिलेली आवृत्ती खेळण्यापेक्षा प्रोटॉन बरं. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या कॉम्पॅटिबिलिटीत प्रोटॉन सक्तीने लावता येतं. फक्त दोन्ही आवृत्त्यांचे सेव्ह एकमेकांना दिसतीलच असं नाही, म्हणून हा निर्णय खेळ सुरू करण्याआधी घ्या.

## ३. ऑनलाइन गेम असेल तर इथे थांबा

माझे पैसे बुडाले ते इथेच. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही यंत्रणा २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात. पण 'चालू शकतात' म्हणजे 'चालतात' नव्हे. प्रत्येक गेमच्या निर्मात्याने ती सोय स्वतः चालू करावी लागते आणि अनेकजण ती करत नाहीत. ईझी अँटी-चीट एपिक गेम्स या कंपनीच्याच मालकीचं आहे, तरी एपिकचा फोर्टनाइट लिनक्सवर नाही. यातच सगळं आलं. व्हॅलोरंट या गेमचं अँटी-चीट, व्हँगार्ड, विंडोजच्या कर्नलमध्ये शिरून बसतं, त्यामुळे तो प्रश्नच उद्भवत नाही. लीग ऑफ लेजेंड्स वाइनवर वर्षानुवर्षं चालायचा. २०२४ मध्ये त्यालाही व्हँगार्ड आलं आणि तोही गेला.

म्हणजे आज चालतो तो उद्या चालेलच असं नाही. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर नीट चालत होता. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस लिनक्सवाल्यांना दार बंद झालं. जीटीए ऑनलाइनला त्याच वर्षी सप्टेंबरात बॅटलआय आलं आणि तिथलं ऑनलाइनही गेलं.

तपासायचं कसं? 'आर वी अँटी-चीट येट' नावाच्या संकेतस्थळावर गेमनिहाय यादी आहे, तिथे बघा. शिवाय गेमला कर्नलमध्ये बसणारं अँटी-चीट असेल तर ते स्टीमच्या पेजवर सांगणं २०२४ च्या अखेरीपासून बंधनकारक आहे. पेजच्या उजव्या बाजूचा तो चौकोन वाचायची सवय लावा. तिथेच आणखी दोन ओळी सापडतील: तिऱ्हाईत अकाउंट लागतं का, आणि डेनुव्होसारखं डीआरएम (नक्कल रोखणारं कुलूप) आहे का.

कुठलाही उपाय सांगून अँटी-चीटला चकवायला शिकवणारे व्हिडिओ बघू नका. अकाउंट कायमचं बंद होतं आणि त्यावर दाद मागायला जागा नसते.

## ४. आता दुकान

स्टीम. नवीन असाल तर सुरुवात इथे करा, याबद्दल मला शंका नाही. लिनक्ससाठी स्टीमचा अधिकृत क्लायंट (संगणकावर बसवायचं ॲप) २०१३ पासून आहे, प्रोटॉन त्यातच बसवलेलं आहे आणि तुम्ही बटण दाबण्यापलीकडे काही करायचं नाही. जुन्या आवृत्तीत सेटिंग्जच्या कॉम्पॅटिबिलिटी भागात जाऊन 'बाकी सगळ्या गेमसाठीही स्टीम प्ले वापरा' अशा अर्थाचा पर्याय चालू करावा लागायचा. विंडोजचे गेम इन्स्टॉलच करू देत नसेल तर तो बघा. पैसे परत मिळण्याचा नियम सरळ आहे: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी. लिनक्सवर चालला नाही हे कारण त्यात बसतं, मी नंतर तीनदा वापरलं आहे.

स्टीमची दुसरी बाजूही माहीत असू द्या. तिथे तुम्ही गेम विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेता. आता पैसे भरायच्या पानावर ते स्पष्ट लिहिलेलंही असतं.

गॉग. डीआरएम अजिबात नाही, हे याचं वैशिष्ट्य. इन्स्टॉलरची फाइल उतरवा, बाहेरच्या डिस्कवर ठेवा, दुकान उद्या बंद झालं तरी गेम तुमचा. पैसे परतीची मुदत ३० दिवस, आणि खेळून झालेलं असलं तरी. मी जुने गेम इथूनच घेतो, आणि त्याचं कारण फक्त तत्त्व नाही. डॉसबॉक्स, स्कमव्हीएम, ओपनएमडब्ल्यू अशी मुक्त इंजिनं लिनक्सवर मूळ प्रोग्रॅमपेक्षा चांगली चालतात, त्यांना फक्त गेमच्या मूळ डेटा फाइल लागतात. गॉगचा विंडोज इन्स्टॉलर इनोएक्स्ट्रॅक्टने उघडायचा, आतल्या फाइल काढायच्या आणि इंजिनाला दाखवायच्या. वाइनची गरजच नाही.

गॉगचे तोटे तीन. त्यांचा गॅलॅक्सी क्लायंट विंडोज आणि मॅकपुरता आहे, त्यामुळे लिनक्सवर इन्स्टॉलर हाताने चालवा किंवा खाली सांगितलेलं हिरोइक वापरा. काही गेमची अपडेट इथे उशिरा पोचतात. आणि स्टीमवर लिनक्स आवृत्ती असलेला गेम गॉगवर फक्त विंडोजचा असू शकतो. टक्सचं (लिनक्सच्या पेंग्विनचं) चिन्ह तिथेही स्वतंत्रपणे तपासा.

इच. छोटे, प्रयोगशील, एका-दोघांनी बनवलेले गेम. बऱ्याच ठिकाणी तुम्ही ठरवाल ती किंमत, फुकटातलेही पुष्कळ. त्यांचं ॲप लिनक्सवर चालतं. ब्राउझरमधून उतरवलेला गेम क्लिक करून उघडत नसेल तर घाबरू नका. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रोग्रॅम म्हणून चालवायची परवानगी' द्यायची राहिलेली असते.

एपिक. दर आठवड्याला फुकट गेम देतात, म्हणून खातं सगळ्यांचं असतंच. लिनक्ससाठी क्लायंट नाही. हिरोइक गेम्स लाँचर हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी आहे. एपिक, गॉग आणि ॲमेझॉन या तिन्ही खात्यांचे गेम ते एका खिडकीत आणतं आणि वाइन किंवा प्रोटॉनची आवृत्तीही स्वतःच उतरवून देतं. चांगलं चालतं. पण काही बिघडलं तर एपिककडे दाद मागता येत नाही, कारण त्यांच्या लेखी तुम्ही अस्तित्वात नाही. म्हणून माझा नियम: एपिकचे फुकटचे गेम घ्यायचे, पैसे दुसरीकडे खर्च करायचे.

कोड विकणारी दुकानं. हंबल, फॅनॅटिकल यांच्यासारखी अधिकृत दुकानं स्टीमवर लागू करायचे कोड विकतात आणि ते बऱ्याचदा स्वस्त पडतात. 'इज देअर एनी डील'वर सगळीकडच्या किमती एकत्र दिसतात. यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बाहेरून घेतलेल्या कोडला स्टीमचा दोन तासांचा नियम लागत नाही आणि कोड एकदा उघडून बघितला की विकणारा बहुधा परत घेत नाही. तेव्हा गेम चालेल याची पक्की खात्री असेल तरच कोड. दोन, जिथे कोणीही अनोळखी माणूस कोड विकायला बसू शकतो अशा बाजारात जाऊ नका. चोरीच्या कार्डावर घेतलेले कोड नंतर रद्द होतात आणि गेम लायब्ररीतून गायब होतो.

आणि पैसे न देताही भागतं, हे लिनक्सवर विसरायला होतं. सुपरटक्सकार्ट, ०. ए. डी., बॅटल फॉर वेसनॉथ, ओपनटीटीडी हे सगळे डिस्ट्रोच्या भांडारात पडलेले असतात. ड्रायव्हर नीट बसला का हे बघायलाही सुपरटक्सकार्ट उत्तम, आणि मग दोन तास त्यातच जातात.

## ५. कुठे इन्स्टॉल करायचं

स्टीम शक्यतो डिस्ट्रोच्या भांडारातून किंवा व्हॉल्व्हच्या डेब पॅकेजमधून घ्या. फ्लॅटपॅकची (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या पॅकेजची) आवृत्ती व्हॉल्व्हची नाही, पण बऱ्यापैकी चालते. फक्त दुसऱ्या डिस्कवरचं फोल्डर दिसत नसेल तर फ्लॅटसील या ॲपमधून परवानगी द्यावी लागते. स्नॅपच्या (उबुंटूवाल्यांच्या तशाच पॅकेजच्या) वाटेला जाऊ नका, ते पॅकेज वापरू नका असं व्हॉल्व्हच्या लोकांनीच जाहीर सांगितलेलं आहे.

आता सगळ्यात जास्त लोकांना रडवणारी गोष्ट. विंडोजची जुनी डिस्क आहे, त्यावर गेम आधीच उतरवलेले आहेत, मग तीच स्टीमला दाखवू, असा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. करू नका. ती डिस्क एनटीएफएस असते. लक्षण असं: 'प्ले' दाबलं की बटण 'स्टॉप' होतं, चार-पाच सेकंद तसंच राहतं आणि गुपचूप परत 'प्ले' होतं. एररची खिडकी नाही, संदेश नाही, काही नाही. मी या बटणाकडे बघत एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज उभं करतं. त्यातल्या लिंका आणि कोलन असलेली नावं एनटीएफएसवर धड बसत नाहीत. गेम एक्स्ट४ डिस्कवर हलवला आणि पहिल्या झटक्यात सुरू झाला.

## ६. पहिले दोन तास

गेम घेतल्यावर लगेच डाउनलोड करा, आठवडाभर पडू देऊ नका. १४ दिवसांचं घड्याळ चालू झालेलं असतं. पहिल्यांदा सुरू करताना व्हल्कन शेडर (कार्डाला चित्र काढायच्या सूचना) तयार होत असल्याची पट्टी दिसेल. ती पुरी होऊ द्या, नाहीतर गेम सुरुवातीला अडखळतो आणि लोक उगाच कार्डाला दोष देतात.

मग थेट तुमच्या कामाच्या भागाकडे जा. ऑनलाइनसाठी घेतलाय तर कथेचा पहिला अंक खेळत बसू नका, सामना लावून बघा. एखादी चित्रफीत सुरू व्हायच्या जागी रंगीत उभ्या पट्ट्या दिसल्या, तर व्हिडिओचा कोडेक अडला आहे. जीई-प्रोटॉन ही लोकांनी सुधारलेली आवृत्ती लावली की बहुतेक वेळा ते सुटतं. ती प्रोटॉनअप-क्यूटी या ॲपमधून दोन क्लिकमध्ये बसते.

प्रोटॉनच्या आवृत्त्या बदलून बघताना एक सावधगिरी. गेमला डेनुव्हो असेल तर प्रत्येक नवी आवृत्ती त्याला नवा संगणक वाटते. दिवसाला बहुधा पाचच संगणकांची मुभा असते. सहाव्या प्रयत्नाला गेम २४ तासांसाठी कुलूपबंद. तेव्हा प्रोटॉनडीबीवर ज्या दोन आवृत्त्यांची नावं दिसतील त्याच वापरा, अंदाजपंचे नको.

तासाभरात चालला नाही तर सोडून द्या. पैसे परत मागा, तो इच्छा-यादीत टाका, सहा महिन्यांनी परत बघा. 'आणखी एकच पर्याय करून बघतो' म्हणणाऱ्याचे दोन तास कसे संपतात ते मला विचारा. लाँचर नुसता उघडा असला तरी वेळ मोजला जातो, म्हणून उठताना तो बंद करून उठा.

## ७. सेव्ह कुठे आहेत ते आजच शोधा

गेम जमला, वीस तास झाले, आणि मग कोणीतरी सांगतं की अडकला तर कॉम्पॅटडेटा पुसून टाक. हा सल्ला सर्रास दिला जातो. कॉम्पॅटडेटा हे स्टीमच्या स्टीमॲप्स फोल्डरमधलं एक फोल्डर. त्यात प्रत्येक गेमसाठी नुसत्या आकड्याचं एक फोल्डर असतं आणि मघाशी म्हटलेलं छोटं खोटं विंडोज ते हेच. गेम स्टीम क्लाउडवर सेव्ह ठेवत नसेल तर तुमचे वीस तास याच फोल्डरात असतात, डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटाच्या आत. ते पुसलं की सगळं गेलं.

तो आकडा कोणता हे शोधणं सोपं आहे. गेमचं स्टीमवरचं पेज ब्राउझरमध्ये उघडा, पत्त्यात 'ॲप'नंतर जो आकडा येतो तोच. त्या नावाचं फोल्डर जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा, आणि मग हवं तेवढं पुसा. हिरोइकमध्ये हीच जागा गेमच्या सेटिंग्जमध्ये प्रीफिक्सच्या नावाने लिहिलेली असते.